भारतातली जागतिक वारसा स्थळं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

११ जुलै २०२५ला पॅरिसच्या बैठकीत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. तेव्हापासून गडावर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, जिथे भेटतील तिथे लोक मला यावरच विचारतात. बरेचसे प्रश्न सारखेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

जागतिक वारसा स्थळ म्हणजे नेमकं काय?

गोष्ट इजिप्तपासून सुरू होते. नाईल नदीवर आस्वानचं मोठं धरण होणार होतं आणि अबू सिंबेलची देवळं पाण्याखाली जाणार होती. १९६०च्या दशकात अनेक देशांनी मिळून पैसा आणि माणसं दिली, देवळं कापून तुकड्या-तुकड्यांनी वर उचलली आणि उंचावर पुन्हा उभी केली. एका देशातला ठेवा बुडाला तर नुकसान सगळ्यांचं होतं, हा विचार त्यातून रुजला. १६ नोव्हेंबर १९७२ रोजी युनेस्कोने जागतिक वारसा करार मंजूर केला. भारत त्यात १९७७ साली सामील झाला.

करारात देश असं वचन देतो की आपल्या हद्दीतला हा ठेवा तो ओळखेल, राखेल आणि पुढच्या पिढ्यांच्या हाती देईल. त्यामुळे यादीत नाव लागणं मला बक्षिसापेक्षा सातबाऱ्यावर बोजा चढण्यासारखं वाटतं. जमीन तुमचीच राहते, पण ती आता मनाला येईल तशी मोडता येत नाही. पुढची बरीच उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत.

भारतात अशी किती स्थळं आहेत?

४४. त्यांपैकी ३६ सांस्कृतिक, ७ नैसर्गिक आणि १ मिश्र, म्हणजे दोन्ही अंगांनी मोलाचं. मिश्र स्थळ सिक्कीममधलं कांचनजंगा राष्ट्रीय उद्यान. तिथले लोक त्या पर्वताला देव मानतात आणि उतारांवरचं जंगलही तितकंच अनमोल आहे. नैसर्गिक सात अशी: काझीरंगा, मानस, केवलादेव (भरतपूर), सुंदरबन, नंदादेवी आणि व्हॅली ऑफ फ्लॉवर्स, पश्चिम घाट, ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान.

सगळ्यात आधी कोणती स्थळं गेली?

१९८३ साली एकदम चार: अजिंठा, वेरूळ, ताजमहाल आणि आग्र्याचा किल्ला. चारांतली दोन आपल्या औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची. ताजचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, अजिंठा-वेरूळ त्याच दिवशी त्याच्या शेजारी बसले हे फार थोड्यांना.

महाराष्ट्रात नक्की किती? कुणी पाच सांगतं, कुणी सात.

सात. अजिंठा (१९८३), वेरूळ (१९८३), घारापुरी (१९८७), छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (२००४), पश्चिम घाट (२०१२), मुंबईतल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह (२०१८) आणि मराठ्यांचे किल्ले (२०२५). पश्चिम घाटाचं हे स्थळ केरळ, कर्नाटक, तमिळनाडू आणि महाराष्ट्र अशा चार राज्यांत पसरलेलं आहे. त्याचे एकूण ३९ तुकडे यादीत आहेत आणि त्यांतले चार आपले: कास पठार, कोयना, चांदोली, राधानगरी. किल्ल्यांपैकी एक तमिळनाडूत आहे. ही दोन वाटून घेतलेली स्थळं कुणी धरतं, कुणी सोडतं, म्हणून आकडे बदलतात.

बारा किल्ले कोणते आणि हेच का निवडले?

साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी.

ही बारा नावं नकाशावर मांडून पाहा, मग उत्तर आपोआप दिसतं. युनेस्कोने एकेकटा किल्ला उचललेला नाही. यादीतलं नावच ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ अशा अर्थाचं आहे. डोंगर, पठार, जंगल, किनारा आणि बेट अशा वेगवेगळ्या भूमीवर एकाच राज्याने संरक्षणाची व्यवस्था कशी बसवली, ते या बारांतून एकत्र वाचता येतं.

साल्हेर बागलाणात १,५६७ मीटरवर, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला. १६७२ साली त्याच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांना मोकळ्या मैदानात हरवलं. प्रतापगड जावळीच्या दाट रानात आहे आणि तिथे रान हाच पहिला तट. पन्हाळा रुंद पठारावर वसलेला आहे, आजही तिथे नांदतं गाव आहे. विजयदुर्गाला किनाऱ्यावर तिहेरी तटबंदी. सिंधुदुर्ग मालवणच्या समोर कुरटे बेटावर. चारी बाजूंना खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. खांदेरी थळच्या समुद्रात. मुंबईच्या तोंडाशी शिवाजी महाराज बेट बांधून घेताहेत म्हटल्यावर १६७९ साली इंग्रज आरमार घेऊन आले, पण बेट मराठ्यांकडेच राहिलं.

राजगडावर माझा जीव जरा जास्तच आहे. रायगड होण्याआधी सुमारे पंचवीस वर्षं राज्याचा कारभार इथून चालला. संजीवनी माचीची, म्हणजे डोंगराच्या सोंडेवरच्या सपाटीची, दुहेरी तटबंदी आणि चिलखती बुरूज नीट पाहा. बाहेरचा तट पडला तरी शत्रू दोन भिंतींच्या मधल्या अरुंद बोळात सापडतो आणि वरून मारा होतो. डोंगराची सोंड जशी वळली तशीच तटबंदी वळवलेली आहे, कुठे सरळ करण्याचा हट्ट नाही. भूमीशी जुळवून घेण्याची ही रीत यादीत जाण्यामागचं मोठं कारण आहे.

जिंजीचं आश्चर्य अनेकांना वाटतं. शिवाजी महाराजांनी तो १६७७च्या दक्षिण मोहिमेत घेतला. १६८९ साली रायगड मोगलांच्या हाती गेला. राजाराम महाराज दूर दक्षिणेला निसटले होते, ते याच जिंजीवर आले आणि तिथून त्यांनी राज्य चालवलं. १६९८मध्ये तो पडेपर्यंत मोगलांना त्याच्याभोवती वर्षानुवर्षं अडकून राहावं लागलं. मराठ्यांचा किल्ला म्हणून त्याची आठवण महाराष्ट्रात फारशी काढली जात नव्हती, ती आता निघेल.

मग तोरणा, सिंहगड, जंजिरा का नाहीत?

जंजिऱ्याचं उत्तर सोपं आहे: तो सिद्दींचा, मराठ्यांना कधीच मिळाला नाही, त्यामुळे मराठ्यांच्या किल्ल्यांत बसत नाही. तोरणा, सिंहगड, पुरंदर यांचं मोल कमी आहे असा अर्थ मुळीच नाही. असं नामांकन म्हणजे सगळ्या गडांची गुणवत्ता यादी नसते. संरक्षण व्यवस्थेचा एकेक प्रकार नीट दाखवतील, मूळ रूपात बऱ्यापैकी टिकलेले असतील आणि कायद्याने संरक्षित असतील असे नमुने त्यात घ्यावे लागतात. बारांपैकी आठ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे.

निवड कोण करतं?

आधी स्थळ देशाच्या संभाव्य यादीत जावं लागतं आणि तिथे किमान एक वर्ष राहावं लागतं. मग देश एक जाडजूड प्रस्ताव तयार करतो: हद्दी, नकाशे, इतिहास, जपणुकीचा आराखडा आणि जगातल्या तशाच स्थळांशी तुलना. एका देशाला वर्षाला एकच प्रस्ताव देता येतो. सांस्कृतिक स्थळाची तपासणी इकोमॉस ही संस्था करते, नैसर्गिक स्थळाची आययूसीएन. तज्ज्ञ प्रत्यक्ष येऊन फिरतात. अखेरचा निर्णय २१ देशांच्या समितीचा. ठरलेले निकष दहा आहेत, त्यांतला एक जरी पटला तरी चालतो. या समितीची २०२४ची बैठक नवी दिल्लीत झाली, भारतात पहिल्यांदाच. त्याच बैठकीत आसामच्या आहोम राजांची मोईदाम ही दफनस्थळं यादीत आली.

युनेस्को पैसे देते का?

जवळजवळ नाहीच. एक छोटा निधी आहे, तो मुख्यतः गरीब देशांसाठी आणि संकटात सापडलेल्या स्थळांसाठी. खर्च आपला आपण करायचा.

जागा युनेस्कोच्या ताब्यात जाते का? गडावरच्या लोकांना उठवतात का?

मालकी आणि सत्ता देशाचीच राहते, तसं करारातच लिहिलं आहे. यादीत नाव लागलं म्हणून कुणाचं घर उठत नाही. अहमदाबाद (२०१७) आणि जयपूर (२०१९) ही गजबजलेली शहरं यादीत आहेत. जैसलमेरच्या किल्ल्यात आजही लोक राहतात.

पन्हाळ्याच्या लोकांची काळजी मात्र मला समजते. पिढ्यान्‌पिढ्या जिथे राहिलो तिथे पोरासाठी एक खोली वाढवायची तर परवानगीच्या चकरा मारायच्या, हे सोपं नाही. एवढं लक्षात घ्यावं की हा नियम युनेस्कोचा नाही. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी, हे १९५८च्या कायद्यात २०१०च्या दुरुस्तीने आलं. यादीच्या कितीतरी आधीपासून ते लागू आहे. आराखडा करताना गावाला सोबत बसवलं तरच गड टिकेल, असं माझं मत आहे. गडाची खडान्‌खडा माहिती त्या घरांतच आहे.

आमचा ग्रुप गडावर श्रमदान करतो. तट दुरुस्त केला तर चालेल?

परवानगीशिवाय नाही, हेतू कितीही चांगला असला तरी. प्लास्टिक गोळा करा, वाटेवरचा कचरा खाली आणा, त्याला कुणी अडवत नाही. पण ढासळलेला चिरा उचलून पुन्हा बसवणं, टाक्यातला गाळ काढणं, तोफ हलवणं ही कामं पुरातत्त्व खात्याच्या माणसाच्या देखरेखीखालीच करायची. गाळात खापरं, नाणी, गोळे असतात. ते कोणत्या थरात सापडले यावरून काळ ठरतो आणि फावड्याने ओढलं की तो पुरावा कायमचा जातो.

सिमेंट तर अजिबात नको. जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते. चुना मऊ असतो, पाणी शोषतो आणि सोडतो. सिमेंट ते पाणी आत कोंडतं, त्यातले क्षार दगडात फुगतात आणि काही पावसाळ्यांत दगडाचा चेहराच गळून पडतो.

आणि भिंतीवर नाव? जुन्या लोकांनीही कोरलेली आहेतच की.

हा युक्तिवाद मी रायगडावर ऐकला आहे. जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर हिरोजींचं नाव आहे, ‘सेवेचे ठायी तत्पर’ असं. त्यांनी तो अख्खा गड उभा केला आणि नाव पायरीवर घातलं, जिथे येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय पडेल. दुसरं उदाहरण अजिंठ्याचं. १८१९ साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यात चित्रावरच आपलं नाव ओरखडलं. शेकडो वर्षं जुन्या रंगावरचा तो ओरखडा आता पुसता येत नाही.

कायद्याने संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

अजिंठ्यात फ्लॅश का चालत नाही? इतकं काय आहे त्या चित्रांत?

शाळेच्या सहलीत मी पहिल्यांदा गेले तेव्हा पहिल्या लेण्यात आत शिरल्यावर काहीच दिसलं नाही. डोळे अंधाराला सरावले आणि पद्मपाणी हळूहळू भिंतीतून पुढे आला. खाली झुकलेली नजर, हातात निळं कमळ. तो क्षण मोबाइलच्या उजेडात मिळत नाही.

ही चित्रं ओल्या गिलाव्यावरची नाहीत. दगडावर मातीचा लेप, त्यात भुसा आणि तंतू, वर चुन्याचा पातळ हात आणि तो सुकल्यावर डिंकात कालवलेले रंग. म्हणजे रंग भिंतीत मुरलेला नाही, वर बसलेला आहे. दमट हवा, किडे, वटवाघळं, गर्दीचा श्वास, सगळ्यांचा त्याच्यावर परिणाम होतो. प्रखर उजेडाने रंग उडतात.

माणसांच्या चांगल्या हेतूंनीही त्यांचं नुकसान केलं. १९२०च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटणारे पापुद्रे चिकटवले आणि वर लाखेचं रोगण दिलं. पुढे ते रोगण पिवळं पडलं आणि त्याखालचे रंग झाकोळले. या चित्रांवरून काढलेल्या नकलांचं नशीब तर आणखी वाईट. रॉबर्ट गिल या इंग्रज चित्रकाराने वर्षानुवर्षं अजिंठ्यात राहून केलेल्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ साली लागलेल्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली तेरा वर्षं खपून पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही पुष्कळशा १८८५ साली लंडनमध्येच जळाल्या. आपल्याकडे आहेत ती भिंतीवरची मूळ चित्रं, आणि तीही पूर्ण नाहीत.

अजिंठा-वेरूळ एका दिवसात होतं का?

धावत होतं, पाहून होत नाही. दोन दिवस द्या. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, हे आधी पाहून घ्या. अजिंठ्याला आपली गाडी फर्दापूरच्या फाट्यावर ठेवून पुढे ठरलेल्या बसने जावं लागतं. वेरूळला ३४ लेणी: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. सोळावं कैलास, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं, आठव्या शतकातलं. ते बांधलेलं नाही, डोंगर वरून खाली कोरत आणलेलं आहे, म्हणजे कळस आधी आणि पाया शेवटी. बाजूच्या डोंगरावर चढून वरून पाहिलं की हे खरं पटतं.

घारापुरीला एलिफंटा का म्हणतात?

पोर्तुगिजांना बेटावर दगडी हत्ती दिसला, म्हणून. तो हत्ती आता भायखळ्याच्या राणीच्या बागेपाशी, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. लेण्यातली तीन मुखांची शिवमूर्ती सुमारे सात मीटर उंच आहे. गेटवेहून लाँचने तासभर लागतो आणि सोमवारी बंद. या बेटावर वस्ती आहे हे पर्यटकांच्या गावीही नसतं. यादीत १९८७ला गेलेल्या या बेटावरच्या गावांत कायमची वीज आली २०१८ साली.

मुंबईची दोन स्थळं वेगळी का धरतात?

सीएसएमटी ही एक इमारत म्हणून गेली. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांची रचना, १८७८ला काम सुरू, दहा वर्षांत पूर्ण. दुसरं स्थळ ९४ इमारतींचा समूह आहे. ओव्हल मैदानाच्या मधोमध उभे राहा. पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर ही एकोणिसाव्या शतकातली दगडी गॉथिक मुंबई. पश्चिमेला १९३०च्या दशकापासून उठलेली, गोलाकार बाल्कन्यांची आर्ट डेको मुंबई, समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवरची. मधे पोरं क्रिकेट खेळत असतात.

कासला इतके नियम कशासाठी? फुलंच तर आहेत.

कास म्हणजे जांभ्याचा सडा, उघड्या खडकाचं सपाट पठार. खडकावर मातीचा थर वीतभरही नाही आणि त्यात पोषण फार कमी. झाडं तिथे वाढू शकत नाहीत म्हणूनच ही इवली फुलं वाढतात. सीतेची आसवं आणि दवबिंदू या वनस्पती तर किडे पकडून आपली भूक भागवतात, कारण माती देत नाही. अशा जमिनीवर फोटोसाठी एक पाऊल आत टाकलं की पुढच्या वर्षीचं बी चिरडतं. म्हणून रोजच्या माणसांवर मर्यादा आहे आणि आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरचे पहिले दिवस हा हंगाम. शनिवार-रविवार टाळा. टोपली कारवी साधारण सात वर्षांतून एकदा फुलते, त्यामुळे ती यंदा दिसली नाही म्हणून खट्टू होऊ नका.

गोव्यातलं कोणतं स्थळ?

जुन्या गोव्यातली चर्चेस आणि मठ, १९८६ साली. बॉम जीझसचं बासिलिका, सेंट फ्रान्सिस झेवियरचे अवशेष जिथे आहेत ते, आज उघड्या तांबड्या जांभ्याचं दिसतं. मूळ तसं नव्हतं, त्यावर गिलावा होता. विसाव्या शतकाच्या मध्यात तो काढला आणि तेव्हापासून गोव्याचा पाऊस थेट दगडावर पडतो.

यादीतून नाव काढतात का?

काढतात. ओमानचं ओरिक्स अभयारण्य २००७ साली, जर्मनीतलं ड्रेस्डेनचं एल्ब खोरं २००९ साली एका पुलापायी, लिव्हरपूल २०२१ साली. त्याआधी बहुधा ‘धोक्यातला वारसा’ यादीचा टप्पा येतो. आपणही त्यातून गेलो आहोत. मानस अभयारण्य आसामातल्या अशांततेमुळे १९९२ ते २०११ त्या यादीत होतं. हंपी १९९९ ते २००६, तुंगभद्रेवर बांधायला घेतलेल्या पुलांमुळे. दोन्ही बाहेर आली, पण त्यासाठी वर्षं लागली.

लोणार, कुंभमेळा, पुण्यातलं ऋग्वेदाचं हस्तलिखित, हेही यात येतात ना?

नाही, पण गोंधळ होणं साहजिक आहे. लोणार २०२०पासून रामसर पाणथळ आहे, तो करार निराळा. कुंभमेळा २०१७ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेला, त्यात आपलं नाशिकही आलं. भांडारकर संस्थेतली ऋग्वेदाची हस्तलिखितं २००७ साली ‘जगाची स्मृती’ नावाच्या नोंदवहीत गेली. जागतिक वारसा यादीत जागा जाते, सण किंवा पोथी नाही.

आपल्याकडचं पुढचं स्थळ कोणतं?

कोकणातली कातळशिल्पं संभाव्य यादीत आहेत: उक्षी, काशेळी, बारसू, कुडोपी आणि गोव्यातलंही एक ठिकाण. उघड्या सड्यावर माणसं, हत्ती, मासे आणि आपल्याला न उलगडलेल्या आकृत्या, हजारो वर्षांच्या. कित्येक ठिकाणी गावकऱ्यांनीच दगड रचून कुंपण घातलं आणि ती वाचवली. पाचगणी-महाबळेश्वरचा दख्खनी कातळही २०२५मध्ये संभाव्य यादीत आला. संभाव्य यादीतून पुढे जायला पुष्कळ वर्षं लागू शकतात, तोवर सड्यावर गाडी घालू नका.

मुलांना पहिल्यांदा कुठे न्यावं?

सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी शिवनेरी. पायऱ्या आहेत, सात दरवाजे मोजता येतात आणि शिवजन्माची जागा पाहिल्यावर पाठ्यपुस्तकातला धडा अंगणात आल्यासारखा वाटतो. पावसाळ्यानंतर सिंधुदुर्ग, कारण होडीत बसायचं म्हणजे मुलं आदल्या रात्रीपासून तयार असतात. अजिंठ्याला दहा वर्षांच्या पुढे न्या आणि चारच लेणी दाखवा: १, २, १७ आणि २६. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या स्थळांवर पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं. साल्हेर मात्र त्यांचे पाय घट्ट झाल्यावरच.